'रुम्बा पारा माँक' आणि आपला पहिला अल्बम: परंपरा किती, नवे किती, या प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न मला समजला तो असा. पाच जणांचा बँड आहे, आपण स्वतः ट्रम्पेट वाजवता, लॅटिन जॅझचा, म्हणजे क्यूबन तालांवर बांधलेल्या जॅझचा, पहिला अल्बम करायचे ठरले आहे आणि कुणीतरी आपल्याला जेरी गोन्झालेस व त्याच्या फोर्ट अपाची बँडचा 'रुम्बा पारा माँक', म्हणजे 'माँकसाठी रुम्बा', हा अल्बम ऐकायला दिला. तो आवडला, पण उलगडला नाही. एकाच रचनेत काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच क्यूबन ढोल, मध्येच मागे सरतात, ड्रमर सरळ स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ताल, धरतो, आणि श्रोता त्यात रमतो न रमतो तोच पुन्हा काँगा वर येतात. तेव्हा याला लॅटिन म्हणावे की जॅझ, आणि आपल्या अल्बममध्ये परंपरेचा भाग किती ठेवावा व नवे किती करावे, असे आपण विचारले आहे. ढोलकी घेतली तर चालेल का, हा आपला उपप्रश्न मी शेवटासाठी राखून ठेवतो, कारण त्याचे उत्तर आधीच्या विवेचनावर अवलंबून आहे.

माझ्या मते खरी अडचण 'किती' या शब्दात आहे. साठ टक्के जुने आणि चाळीस टक्के नवे अशा हिशोबाने बांधलेले लॅटिन जॅझ मी हॉटेलांत आणि स्वागतसमारंभांत पस्तीस वर्षे वाजवत आलो आहे, आणि त्यात बहुतेक वेळा दोन्ही बाजू अर्ध्याकच्च्या राहतात असा माझा अनुभव आहे. गोन्झालेसच्या अल्बममध्ये क्यूबन तालाचे व्याकरण पूर्ण पाळलेले आहे आणि जॅझचेही पूर्ण पाळलेले आहे. त्यात जे नवे ऐकू येते ते एका व्याकरणाचा नियम दुसऱ्याच्या रचनेला कसोशीने लावल्यामुळे निर्माण झालेले आहे. त्यामुळे आपण स्वतःला विचारायचा प्रश्न असा होतो की कोणता नियम आपण मोडणार नाही, आणि तो न मोडता रचना कुठवर नेता येते.

अर्थात बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. आपला ड्रमर दोन्ही पद्धती जाणतो का, काँगा वाजवणारा स्वतंत्र माणूस आहे की कीबोर्डवालाच अधूनमधून हात मारतो, बेस वाजवणाऱ्याला पहिल्या ठोक्यावर गप्प बसण्याची सवय आहे का, हे मला ठाऊक नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो ते जसेच्या तसे उचलण्यापेक्षा आपल्या माणसांकडे पाहून घ्यावे.

आधी हा अल्बम कोणाचा आणि कशातून आला ते पाहू. जेरी गोन्झालेसचा जन्म १९४९ सालचा, न्यूयॉर्कचा. पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा ब्राँक्समध्ये ट्रम्पेट आणि काँगा ही दोन्ही वाद्ये बरोबरीने शिकला. धाकटा भाऊ अँडी बेस वाजवत असे. दोघांनी एडी पाल्मिएरीसारख्या साल्साच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या लॅटिन नृत्यसंगीताच्या, मोठ्या माणसांबरोबर वाजवले, जेरीने जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीबरोबरही वाजवले, आणि घराच्या तळघरात जुन्या क्यूबन रेकॉर्डी ऐकत व मित्रांबरोबर वाजवत त्यांनी रुम्बाचा, म्हणजे ढोल, गाणे आणि नाच यांच्या क्यूबन लोकपरंपरेचा, अभ्यास केला. फोर्ट अपाची हे दक्षिण ब्राँक्समधल्या पोलीस ठाण्याला पडलेले टोपणनाव होते, आणि बँडने ते स्वतःकडे घेतले. 'रुम्बा पारा माँक' १९८८ मध्ये मुद्रित झाला आणि १९८९ मध्ये प्रकाशित झाला. वादक पाचच होते: जेरी ट्रम्पेट, फ्लूगलहॉर्न (ट्रम्पेटसारखेच, पण मऊ आवाजाचे वाद्य) आणि काँगांवर, कार्टर जेफरसन टेनर सॅक्सोफोनवर, लॅरी विलिस पियानोवर, अँडी बेसवर आणि स्टीव्ह बेरिओस ड्रम व तालवाद्यांवर. रचना सगळ्या जॅझचा पियानोवादक आणि संगीतकार थेलोनियस माँक याच्या. आपल्याही बँडात पाचच माणसे आहेत म्हणून ही यादी मुद्दाम दिली.

या पाचांत विलिस आणि जेफरसन हे जॅझमध्ये मुरलेले वादक होते. विलिस साल्साच्या पियानोवादकासारखा सतत मोंतुनो, म्हणजे तोच तोच गुंतलेला स्वरसमूह, वाजवत बसत नाही. तो जॅझच्या कॉर्डांनी जागा मोकळी ठेवतो. उलट अँडी आणि बेरिओस दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलतात. म्हणजे समतोल हा प्रत्येक माणसात निम्मा निम्मा वाटलेला नसून कोणाला कशासाठी घ्यायचे या निवडीत आहे. आपला पियानोवादक जॅझचा असेल तर त्याला घाईघाईने दहा मोंतुनो पाठ करायला लावू नका. बेस आणि ड्रम पक्के असतील तर त्याचे मोकळेपण कामाला येईल, आणि ते कच्चे असतील तर मोंतुनोंनीही काही वाचणार नाही.

आता त्या न मोडण्याच्या नियमाकडे येतो. त्याचे नाव क्लावे. हे दोन लाकडी काड्यांच्या वाद्याचे नाव आहे आणि त्यावर वाजणाऱ्या आकृतीचेही. ऐकून समजण्यापेक्षा हाताने समजून घ्या. सोळा मात्रा सावकाश मोजा आणि १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर टाळी द्या. ही सोन क्लावे, सोन या क्यूबन नृत्यगीतांच्या प्रकाराच्या नावाची. आता तिसरी टाळी फक्त एक मात्रा पुढे सरकवा, ७ ऐवजी ८ वर द्या. ही रुम्बा क्लावे. एका टाळीच्या एका मात्रेच्या फरकाने सगळ्या आकृतीचा तोल कसा पुढे झुकतो हे दहा मिनिटे टाळ्या दिल्यावर शरीराला कळते, आणि ते तसे कळेपर्यंत ट्रम्पेट हातात घेऊ नये असे मी शिकवताना सांगतो. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या आहेत आणि पुढच्या आठांत दोन. तीनची बाजू ताणलेली लागते, दोनची बाजू मोकळी.

आपण तीनतालावर वाढलेले आहात असे आपल्या प्रश्नावरून वाटते, म्हणून भरी (वजनाची बाजू) आणि खाली (हलकी बाजू) आठवा. क्लावेच्या दोन बाजूंचे नाते मला त्याच्या फार जवळचे वाटते. रचना दोनच्या बाजूवरून उठली तर वादक तिला 'टू-थ्री' म्हणतात, तीनच्या बाजूवरून उठली तर 'थ्री-टू'. तीनतालातल्या कितीतरी द्रुत बंदिशी खालीवरून, म्हणजे नवव्या मात्रेवरून, उठतात. म्हणून काही ताल फिरत नाही, मुखडा कुठून उठतो तेवढेच बदलते. क्लावेचेही तसेच आहे. एकदा सुरू झाली की ती रचना संपेपर्यंत फिरायची नाही. तिला कोणी प्रत्यक्ष वाजवत असेल किंवा नसेल, सगळ्यांच्या मनात ती चालू असते, आणि प्रत्येकाचे वजन तिच्याशी जुळलेले असते. हे जुळले नाही की क्लावे 'क्रुसादो' झाली म्हणतात, म्हणजे आडवी गेली. खालीच्या जागी भरीचे बोल आले तर तबलजीच्या चेहऱ्यावर जे उमटते तेच तिथे काँगावाल्याच्या चेहऱ्यावर उमटते.

माझ्याच हातून हे एकदा झाले आहे. एका हॉटेलच्या बँडसाठी मी एका जुन्या जॅझ रचनेची लॅटिन मांडणी लिहिली होती. ३२ बारांची रचना; बार म्हणजे चार ठोक्यांचा, वरच्या मोजणीत आठ मात्रांचा, खंड. ब्रिजच्या, म्हणजे मधल्या वेगळ्या भागाच्या, आधी सगळ्यांनी एक बार थांबायचे आणि ट्रम्पेटने एकट्याने उचल घ्यायची, अशी मला भारी वाटणारी कल्पना त्यात होती. तालमीत पहिला फेरा कसाबसा पार पडला. दुसऱ्या फेऱ्याला काँगा वाजवणाऱ्या वयस्क गृहस्थांनी दोन्ही हात चामड्यावर सपाट ठेवले आणि विचारले, "आता टाळी कुठल्या बाजूला आहे?" मला सांगता येईना. क्लावेचे आवर्तन दोन बारांचे असते. ३२ बारांत ती सोळा वेळा पूर्ण येते. मी एक बार वाढवून ३३ केले होते, त्यामुळे त्या थांब्यापासून पुढे सगळी सुरावट उलट्या बाजूवर पडत होती, आणि दर फेऱ्याला हीच अदलाबदल होणार होती. त्यांनीच उपाय सांगितला: थांबा दोन बारांचा करा. तसा केला आणि उचल घेण्यापूर्वी मला श्वासही नीट घेता येऊ लागला. नियमाने माझी कल्पना सुधारली, हे तेव्हा कबूल करणे जड गेले होते.

हे ध्यानात घेतले की माँकच का, याचे उत्तर मिळते. माँकच्या बहुतेक रचना १२ किंवा ३२ बारांच्या, म्हणजे सम बारांच्या आहेत. त्या चालींत मोकळ्या जागा आहेत, अनपेक्षित ठिकाणी पडणारी वजने आहेत, आणि त्याचा पियानो पुष्कळदा तालवाद्यासारखा ठोकलेला असतो. दुसरे असे की तो लहानपणापासून मॅनहॅटनच्या सॅन हुआन हिल भागात राहिला, आणि तिथे कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबे शेजारीपाजारी होती. त्याची 'बाय-या' ही रचना १९५२ मध्ये मुद्रित झाली तेव्हाच ड्रमवर असलेल्या आर्ट ब्लेकीने तिला लॅटिन वळणाचा ताल दिला होता, आणि ते नाव स्पॅनिश 'वाया'वरून आले असे सांगतात. म्हणजे गोन्झालेसने परक्या घरात जाऊन तोडफोड केलेली नाही. जी वाट अर्धी दिसत होती ती त्याने चालून दाखवली.

स्वतः करून पाहायचे असेल तर 'मिस्टेरिओसो' घ्या. ही १२ बारांची ब्लूज आहे, क्लावेची बरोबर सहा आवर्तने. तिची चाल जवळजवळ अखंड, एकसारख्या अंतराच्या स्वरांची चढउतार आहे आणि तिच्यात मुळात ठळक वजने नाहीत. ट्रम्पेटवर ती हळू लयीत वाजवा आणि कोणाला तरी रुम्बा क्लावेच्या टाळ्या द्यायला सांगा, आधी थ्री-टू, मग टू-थ्री. टाळीवर पडणाऱ्या स्वरांना किंचित वजन द्या, बाकीचे सोडून द्या. दोन वेळा दोन वेगळ्या चाली ऐकू येतील आणि त्यांतली एक आपल्याला अधिक नैसर्गिक वाटेल. एकही स्वर न बदलता रचना नवी झालेली असेल. याच अल्बमातली 'अग्ली ब्यूटी' मुळात तीन ठोक्यांची आहे, माँकची एकमेव वॉल्ट्झ. तिच्या दोन बारांचे प्रत्येकी सहा असे बारा भाग होतात, आणि बारा भागांत १, ३, ६, ८, १० अशी क्लावेची वेगळी आकृती बसते. तो अभ्यास पुढच्या टप्प्यावर करा.

आता आपल्याला गोंधळात टाकणाऱ्या त्या अदलाबदलीविषयी, म्हणजे रुम्बातून स्विंग आणि पुन्हा रुम्बा. मुंबईत काँगा आणि बोंगो आपल्या कानावर आले ते बरेचसे चित्रपटसंगीतातून. तालवादक कावस लॉर्ड यांनी ही वाद्ये तिथे रुळवली, आणि १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या बरोबरीने चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता. ते संगीत मला प्रिय आहे. पण तिथे लॅटिन ताल हा गाण्याला दिलेला रंग होता, आणि त्यामुळे काँगा थांबल्या की लॅटिन संपले असे आपल्याला वाटते. फोर्ट अपाचीमध्ये ते संपत नाही. मनातली क्लावे चालूच राहते, फक्त ठोक्याची वाटणी बदलते. क्यूबन वाटणीत ठोक्याचे दोन भाग जवळजवळ समान असतात, स्विंगमध्ये पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो.

हा बदल ऐकायचा तर फक्त बेस ऐका. तुम्बाओ या क्यूबन चालीत बेस बहुधा पहिल्या ठोक्यावर गप्प असतो. तो दुसऱ्या ठोक्याच्या उत्तरार्धावर आणि चौथ्यावर बोलतो, आणि चौथ्यावरच पुढच्या बारचा कॉर्ड आणून ठेवतो. म्हणून ऐकणाऱ्याला सतत किंचित अधांतरी वाटते. अँडी ज्या क्षणी प्रत्येक ठोक्यावर एक स्वर असे चालू लागतो त्या क्षणी पायाखाली जमीन लागते, तोच स्विंगचा आरंभ. हा सांधा ऐकू येत नाही इतका सफाईदार करण्यात त्यांची वर्षे गेली आहेत. आपण पहिल्या अल्बममध्ये हे एकाच रचनेत, एकाच ठरलेल्या ठिकाणी करा, आणि ते ठिकाण आवर्तनाच्या आरंभी ठेवा.

इथे एक गोष्ट इतिहासातून सांगायला हवी, कारण अशी अदलाबदल गोन्झालेसपासून सुरू झाली असा समज नको. डिझी गिलेस्पी आणि हवानाचा काँगावादक चानो पोसो यांची १९४७ ची 'मांतेका' ऐका: मुख्य भाग क्यूबन, आणि गिलेस्पीने लिहिलेला मधला भाग जॅझकडे वळणारा. या दोघांची गाठ घालून दिली ती मारिओ बाउसाने, तोही ट्रम्पेटवादक. आणि त्याच्याच संगीत दिग्दर्शनाखालच्या माचितोच्या बँडने १९४० पासून क्यूबन ताल आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले जॅझ वाद्यवृंद एकत्र आणायला घेतले होते. त्याही मागे जा. हवानात सोन वाजवणारे संच आधी सहा जणांचे असत. इग्नासिओ पिन्येरोच्या संचात १९२७ मध्ये सातवे वाद्य म्हणून ट्रम्पेट आला, आणि आज तोच परंपरेचा आवाज मानला जातो. आपण ज्याला परंपरा म्हणून जपणार आहात त्यात आपले वाद्यच मुळी नंतर आलेले आहे.

ट्रम्पेटवादनाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपण त्याविषयी विचारले नाही तरी अल्बम तिथेच घडतो किंवा बिघडतो. लॅटिन म्हटले की आपण ट्रम्पेटवाले वरच्या पट्टीत, चकचकीत, भरगच्च वाजवायला लागतो. गोन्झालेस तसे वाजवत नाही. त्याचा आवाज काळसर आहे, म्यूट (आवाज दाबणारे झाकण) लावल्यावर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची आठवण यावी असा, आणि तो पुष्कळ वेळ गप्प असतो. माझी समजूत अशी की तो ट्रम्पेटवर किंतो वाजवतो. किंतो म्हणजे रुम्बातली सर्वांत उंच स्वराची काँगा. बाकीचे दोन ढोल ठेका धरतात आणि किंतो नाचणाऱ्याकडे पाहत नेमक्या जागी बोलतो, मग थांबतो, आणि तो थांबलेला असतानाही त्याचेच चाललेले असते. स्टेजवर हा माणूस काँगांमागे बसलेला असे आणि तिथून उठून ट्रम्पेट हातात घेई, हे कळल्यावर त्याच्या सोलोंमधल्या त्या शांत जागांचा मला अर्थ लागला. आपण काँगा वाजवत नसाल तरी सहा महिने शिका. स्टेजवर वाजवू नका, पण शिका.

तुलनेसाठी केनी डोरमचा १९५५ चा 'अफ्रो-क्यूबन' अवश्य ऐका. तोही ट्रम्पेटवादकाचा अल्बम, त्यात पाताटो वाल्देसच्या काँगा आहेत आणि ड्रमवर ब्लेकी. मला तो फार आवडतो, पण त्यात पाया हार्ड बॉपचा, म्हणजे त्या काळच्या जोरकस जॅझचा, आहे आणि काँगा त्यावर स्वार झाल्या आहेत. ३३ वर्षांनंतर गोन्झालेसच्या हाती दोन्ही पाये होते. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ब्रायन लिंचने २०१६ मध्ये वुडी शॉच्या रचनांवर केलेला 'मदेरा लातीनो' आहे. पद्धत तीच: एकाच जॅझ संगीतकाराच्या रचना आणि त्यांना क्लावेची शिस्त. माझी सूचनाही हीच राहील की आपण आठ ठिकाणच्या आठ रचना न घेता एका संगीतकाराला धरा, आणि त्या रचना मुद्रित करण्याच्या हक्कांचा परवाना स्टुडिओचा दिवस ठरवण्यापूर्वी मिळवा.

मुद्रणाविषयी दोन-तीन गोष्टी. हेडफोनमध्ये साधा मेट्रोनोमचा टिकटिकाट देऊ नका. देणे भागच असेल तर क्लावे मुद्रित करून तीच द्या, म्हणजे कोणीही हरवला तरी बाजू कळते. शक्य असेल तर बेस, ड्रम आणि काँगा एकाच वेळी, एकमेकांना पाहत मुद्रित करा. ट्रम्पेट नंतर डब करता येतो, पण या तिघांमधला संवाद नंतर जोडता येत नाही. काँगा सुरात लावून घ्या, कारण ग्वाग्वांको या रुम्बाच्या प्रकारात त्या ढोलांमधून एक चाल निघते, आणि ती पियानोच्या आड आली तर मिक्स करणारा कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही. ओठांचा विचार करून वरच्या पट्टीच्या रचना सकाळी घ्या, फ्लूगलहॉर्नची संथ रचना दुपारनंतर.

आता ढोलकी. आपण लिहिले आहे की ढोलकीने अल्बमला 'आपला' रंग येईल. रंगासाठी घेणार असाल तर माझे मत नाही असे आहे, कारण मग काँगांचे चित्रपटगीतात जे झाले तेच ढोलकीचे आपल्या अल्बममध्ये होईल. पण आपल्याकडे लावणीचा ठेका अंगात मुरलेला ढोलकीवाला असेल, आणि तो महिनाभर आपल्याबरोबर बसून क्लावेची टाळी हातावर देत आपले बोल कुठे बसतात व कुठे आडवे जातात हे शोधायला तयार असेल, तर मी माझे मत बदलेन. बसताना एक करा: पहिल्या आठवड्यात त्याला काही सांगू नका. फक्त क्लावे वाजवत ठेवा आणि तो स्वतःहून तीनची बाजू कुठे धरतो ते ऐका. त्याने ती आपल्या अपेक्षेच्या उलट धरली, तर त्याला थांबवण्याआधी आपली चाल त्या बाजूवरून उठवून पाहा.